मदत हवी आहे: सिममध्ये कोणते व्हेरिएंट (विमानाचे उपप्रकार) आणि कोणत्या लिव्हऱ्या (विमानावरचे एअरलाइनचे रंग) ठेवाव्यात?

मंडळी,

मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० वापरतो, अधूनमधून एक्स-प्लेन १२. हल्ली उडवणं कमी आणि जमवणंच जास्त चाललंय. कम्युनिटी फोल्डर (बाहेरून आणलेली विमानं आणि रंग यात टाकतात) फुगलाय, सिम सुरू व्हायला उशीर लागतो, आणि विमान निवडायच्या पडद्यावर यादी खाली सरकवता सरकवता कंटाळा येतो. म्हणून सगळं काढून नव्याने भरायचं ठरवलंय. ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं आहे, एसएसडीवरही फार जागा उरलेली नाही.

आधी एअरलाइन आवडते, मग तिचे रंग उतरवून घेतो आणि ते हाताशी असलेल्या विमानावर चढवतो, असं बहुतेकांचं चालतं. मला ते खटकायला लागलंय. साधं ए३२० घ्या. जुन्या ए३२०ला सीएफएम५६ किंवा व्ही२५०० इंजिन असतं, निओला (नव्या इंजिनांच्या आवृत्तीला) लीप-१ए किंवा प्रॅट अँड व्हिटनीचं पीडब्ल्यू११००जी. एअर फ्रान्स आणि इझीजेटची जुनी ए३२० सीएफएमवाली, तर युनायटेड आणि जेटब्लूची व्ही२५००वाली. आता जेटब्लूचे रंग सीएफएमच्या मॉडेलवर चढवले की पंखाखाली बघवत नाही. व्ही२५००चं आवरण लांब, मागे एकच तोंड. सीएफएमचं आवरण आखूड, त्यातून आतला गाभा मागे डोकावतो. एकदा हा फरक दिसायला लागला की नजर तिथेच जाते.

तर माझे प्रश्न असे:

एकाच कुटुंबातली सगळी भावंडं (ए३१९, ए३२०, ए३२१) ठेवावीत, की प्रत्येक कुटुंबातलं एकेक घेऊन विविधता राखावी?

लिव्हरी निवडताना तुम्ही एअरलाइन बघता की नेमकं एक विमान, म्हणजे नोंदणी क्रमांकासकट?

८के टेक्श्चरच्या (खूप बारकाव्याच्या चित्रांच्या) लिव्हऱ्या ८ जीबी कार्डावर झेपतात का?

आणि रेट्रो किंवा काल्पनिक रंगांबद्दल काय मत? वाद नको, पण मत हवं.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. कॉकपिटमधून काय बदलतं ते बघा. ए३१९ ते ए३२१ टाइप रेटिंग (पायलटचा त्या विमानाचा परवाना) एकच, पॅनेल जवळजवळ तेच. तरी ए३२१ ठेवाच, कारण ते हाताला वेगळं लागतं. लांबी ४४.५१ मीटर, ए३२०ची ३७.५७. गिअर दबलेला असताना ए३२०ची शेपूट साधारण ११.७ अंशांना टेकते, ए३२१ची ९.७ लाच. ए३२०च्या सवयीने नाक उचलत गेलात की शेपूट घासलीच म्हणून समजा. ए३१९ मात्र आखूड धावपट्ट्यांचा नाद असेल तरच घ्या.

७३७मध्येही तसंच. -८०० आणि -७०० मध्ये बसल्यावर समोर तेच सहा पडदे. मॅक्समध्ये चार मोठे पडदे येतात, विंगटिपही (पंखाचं टोक) दुभंगलेली. तेव्हा -८०० आणि मॅक्स ८ ही जोडी -७०० आणि -८०० च्या जोडीपेक्षा जास्त काही देते.

प्रतिसाद २

नोंदणी क्रमांक. नेहमी नोंदणी क्रमांक.

तुम्ही इंजिनाचं लिहिलंत, पण तेवढ्यावर थांबू नका. मी फोटो शोधतो आणि सिमच्या विमानाशेजारी ठेवून बघतो: पंखावरची आपत्कालीन दारं किती, पाठीवर सॅटकॉमचा (उपग्रह संपर्काच्या अँटेनाचा) उंचवटा आहे का, शार्कलेट (पंखाचं वर वळलेलं टोक) आहे की जुनी छोटी विंगटिप फेन्स. नाकाच्या चाकाच्या दारावर नोंदणीची शेवटची अक्षरं लिहिलेली असतात, तीही बघतो. हौशी पेंटर तिथेच घाई करतात. पोटावर एक नोंदणी आणि चाकाच्या दारावर भलतीच, हे कितीतरी लिव्हऱ्यांत सापडेल. जो ती अक्षरं नीट लिहितो, त्याची बाकीची लिव्हरीही सहसा नीट असते. माझी पहिली परीक्षा तीच.

आणखी एक गोष्ट फार कुणी बोलत नाही. नोंदणी ठरली की आतलंही ठरतं. अलास्काच्या ७३७मध्ये हेड-अप डिस्प्ले (डोळ्यांसमोरच्या काचेवर माहिती दाखवणारं यंत्र) असतो, सगळ्यांच्यात नसतो. चांगल्या ॲड-ऑनमध्ये (सिमसाठी वेगळ्या घेतलेल्या विमानात) असे ऑप्शन नोंदणीनुसार साठवता येतात. म्हणजे लिव्हरी बदलली की कॉकपिटही बदललं पाहिजे. ते बदलत नसेल तर तुम्ही फक्त रंग बदलताय.

प्रतिसाद ३

८केचा हिशेब सांगतो. बीसी७ कॉम्प्रेशनमध्ये (चित्र दाबून साठवायची पद्धत) पिक्सेलमागे एक बाइट. ४के शीट (विमानावर चढणारं एक चित्र) मिपमॅपसकट (त्याच्याच लहान प्रतींसकट) सुमारे २१ एमबी, ८के शीट सुमारे ८५. म्हणजे चौपट. आणि एका विमानाला एकच शीट नसते. धड, पंख, इंजिनं, शेपूट असे तुकडे, शिवाय काहींना रंगाबरोबर नॉर्मल आणि कॉम्पोझिट (पृष्ठभागाचा उठाव आणि चमक दाखवणारी) शीटही. आठ जीबीवर विमानतळाचं सीनरी आणि ट्रॅफिक सांभाळून हे परवडत नाही. पेंटरने ४के आवृत्ती दिली असेल तर डोळे मिटून ती घ्या. बाहेरून अगदी जवळ जाऊन दाराची अक्षरं वाचली नाहीत तर फरक कळणार नाही. (वरचे सभासद वाचणार, ते सोडून द्या.)

पण एक गैरसमज काढून टाका. न वापरलेली लिव्हरी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) खात नाही. व्हीरॅममध्ये फक्त निवडलेली जाते. बाकीच्या डिस्क खातात आणि सिम सुरू होताना वेळ खातात, कारण प्रत्येक पॅकेज तपासलं जातं. त्यामुळे त्या काढून टाकायलाच हव्यात असं नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर साठा ठेवा आणि ॲड-ऑन लिंकर नावाच्या साधनाने लागेल तेवढंच कम्युनिटीत जोडा. एक्स-प्लेनमध्ये लिव्हऱ्या विमानाच्याच फोल्डरमध्ये आत राहतात, तिथला पसारा तिथेच आवरावा लागतो.

धागाकर्ता

धन्यवाद मंडळी. लिंकरची युक्ती लगेच करतो. ए३२१चं पटलं.

एक उपप्रश्न. व्हॅटसिमवर (सिमवाल्यांनी ऑनलाइन एकत्र उडायचं नेटवर्क) उडताना इतरांना माझी लिव्हरी दिसते का? दिसत नसेल तर एवढी मेहनत स्वतःपुरतीच आहे.

प्रतिसाद ४

नाही दिसत. समोरच्याच्या संगणकावर जी ट्रॅफिक मॉडेल्स आहेत त्यातलं एक लावलं जातं. जुळणी होते ती तुमच्या कॉलसाइनमधल्या (उड्डाणाच्या रेडिओवरच्या नावातल्या) एअरलाइन कोडवरून आणि विमानाच्या टाइप कोडवरून. म्हणून व्हेरिएंट बरोबर टाकणं महत्त्वाचं. निओचा कोड ए२०एन, जुन्याचा ए३२०. मॅक्स ८चा बी३८एम, ७३७-८००चा बी७३८. निओ उडवताना फ्लाइट प्लॅनमध्ये ए३२० टाकलंत तर बाकीच्यांना जुनंच विमान दिसणार, मग तुमच्या पडद्यावर कितीही सुंदर लीप इंजिन फिरत असो.

ट्रॅफिकसाठी वेगळी, हलकी मॉडेल्स मिळतात, ती घ्या. स्वतःसाठी घेतलेलं जड ॲड-ऑन आणि त्याच्या लिव्हऱ्या त्या कामी आणू नका.

प्रतिसाद २

रेट्रोबद्दल कुणी बोललं नाही म्हणून परत आलो. खरे रेट्रो रंग जरूर ठेवा. ब्रिटिश एअरवेजने २०१९मध्ये शताब्दीनिमित्त एका ७४७-४००ला बीओएसीचे (तिच्या पूर्वज कंपनीचे) रंग दिले होते. ते विमान खरं, ते रंग खरे. पण मूळ पॅन ॲम (अमेरिकी एअरलाइन) १९९१मध्ये बंद पडली आणि ७३७-८०० पहिल्यांदा उडालं १९९७मध्ये. त्यावर पॅन ॲमचा निळा गोल चढवायचा तर खुशाल चढवा, फक्त वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

लिव्हरीला काळही असतो. लुफ्तान्साने २०१८मध्ये शेपटीवरचं पिवळं वर्तुळ काढलं. पण पहिलं ए३२०निओ त्यांनाच २०१६च्या जानेवारीत मिळालं, म्हणजे त्यांच्या सुरुवातीच्या निओवर पिवळं वर्तुळही बरोबर ठरतं. कोणत्या वर्षातली उड्डाणं करायची ते ठरवा, यादी आपोआप निम्मी होईल.

प्रतिसाद ५

अवांतर. एका विक्रेत्याकडून घेतलेल्या लिव्हरी पॅकमध्ये ७७७-२००ईआरचे रंग सरसकट एकाच इंजिनावर रंगवलेले निघाले. २००ईआरला जीई, प्रॅट आणि रोल्स-रॉइस अशी तिन्ही इंजिनं होती. ब्रिटिश एअरवेजकडेच जीई आणि रोल्स दोन्ही प्रकारची आहेत. ३००ईआर घेतलंत तर ही कटकट नाही, त्याला जीई९०-११५बी हे एकच इंजिन. सुरुवातीला मोठं विमान हवं असेल तर म्हणून ३००ईआर.

७८७ला मात्र परत तीच गंमत. एएनएची (ही दुसरी जपानी एअरलाइन) जुनी ७८७ रोल्स-रॉइसवाली, जपान एअरलाइन्सची जीईवाली.

धागाकर्ता

हे सोनं आहे. सध्याचा बेत असा: ए३२० दोन्ही जुन्या इंजिनांसह, ए३२१, ७३७-८००, मॅक्स ८, ७७७-३००ईआर. प्रत्येकाला मोजक्या लिव्हऱ्या, सगळ्या ४के, प्रत्येकीमागे खऱ्या विमानाचा फोटो. काळ २०१६ ते २०१९. पिवळं वर्तुळ ठेवतोय.

अडकलोय ते एकाच ठिकाणी. काही लिव्हऱ्या कम्युनिटीत टाकूनही यादीत येतच नाहीत. नावं बरोबर आहेत, फोल्डरही बरोबर आहे.

प्रतिसाद ३

लेआउट डॉट जेसन उघडून बघा. पॅकेजमधली प्रत्येक फाइल तिथे नोंदलेली असावी लागते. पेंटरने नंतर एखादी नवी फाइल घातली आणि ती यादी पुन्हा बनवली नाही, तर सिम त्या फाइलकडे बघतच नाही. लेआउट जनरेटर नावाचं छोटं साधन मिळतं, ती फाइल त्याच्यावर ओढून टाकली की यादी ताजी होते. तरीही दिसली नाही तर एअरक्राफ्ट डॉट सीएफजी या सेटिंग फाइलमध्ये बेस कंटेनरचा (लिव्हरी ज्या मूळ विमानावर बसते त्याचा) मार्ग तपासा. तिथे बहुतेकदा भलत्याच व्हेरिएंटचं नाव असतं, सीएफएमच्या जागी आयएई (व्ही२५०० बनवणारी कंपनी) किंवा उलट.