'डिस्काउंट'ला सूट म्हणावं की बट्टा?

भुसावळहून विचारणा

अमेरिकेतल्या भाच्याने दोन क्लोज्ड-एंडेड फंडांची (ज्यांचे शेअर बाजारात विकत घेता-विकता येतात) माहिती पाठवली आहे. एक १२ टक्के डिस्काउंटला मिळतोय, दुसरा ३ टक्के प्रीमियमला. वडिलांना सांगताना मी 'सूट' म्हटलं, तर ते लगेच म्हणाले, "मग सूटवाला घे." 'क्लोज्ड-एंडेड'ला 'मुदतबंद' म्हटलं तर विचारलं, "मुदत किती?" नेमके शब्द कोणते वापरावेत?

जळगावहून उत्तर

दादा, घोळ 'सूट' या शब्दानेच केलाय. सूट कुणीतरी देतं. दिवाळीत कापडवाला देतो, ती त्याच्या नफ्यातली असते. इथे कुणीच काही देत नाही. फंडाजवळचे शेअर, रोखे, रोकड यांच्या किमतीतून देणी वजा करायची आणि उरलेल्या रकमेला एकूण शेअरसंख्येने भागायचं, की एनएव्ही, म्हणजे एका शेअरमागची मालमत्ता, निघते. समजा ती २० डॉलर आहे आणि बाजारात तो शेअर १७.६० ला विकला जातोय. हे २.४० बाजाराने कापलेत, कारण त्याला काहीतरी पटलेलं नाही.

यासाठी आपला जुना शब्द आहे 'बट्टा'. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या पेठेत घेताना सराफ बट्टा कापायचे. नावाला बट्टा लागतो म्हणतो, तिथेही शब्द हाच. वडिलांना "या फंडावर १२ टक्के बट्टा आहे" असं सांगून बघा, ते आपोआप "का?" विचारतील. तो प्रश्न विचारला जावा, यासाठीच मी या शब्दाचा आग्रह धरतो.

आईची पाटली मोडायला सराफ बाजारात गेलो होतो तेव्हा हे नीट कळलं. सराफाने ती कसोटीवर घासली, टंच सांगितला, वजन केलं, मग घट धरून मोडीचा भाव काढला. शेजारच्या दुकानात टंच तोच निघाला, पण घट कमी धरली. बट्ट्याचंही तसंच, एकटा आकडा काही सांगत नाही. जो फंड वर्षानुवर्षं १२-१४ टक्के बट्ट्यानेच विकला जातो, तो आज १२ टक्क्यांवर असला तर स्वस्त नाही, त्याचा भावच तो आहे. एरवी ३ टक्के बट्टा असलेला फंड १२ वर उतरला, तर थांबून बघण्यासारखं आहे. प्रीमियमला 'अधिमूल्य' हा पुस्तकी शब्द आहे. मी सरळ 'चढा भाव' म्हणतो: शंभराच्या मालाला १०३ मोजणं.

'मुदतबंद' आपल्याकडच्या योजनांना शोभतो, कारण त्यांना मुदत असते. अमेरिकेतल्या बऱ्याचशा क्लोज्ड-एंडेड फंडांना मुदतच नसते. तिथे बंद असतं ते भांडवल. एकदा शेअर विकले की फंड ते रोजच्या रोज परत घेत नाही, तुम्हाला बाजारात दुसरा गिऱ्हाईक शोधावा लागतो. म्हणून 'भांडवलबंद' म्हणावं. नुसतं 'बंद फंड' मात्र नको. पतसंस्थेत ठेवी अडकलेल्या घरांत तो शब्द ऐकून पोटात गोळा येतो.

अमळनेरहून

आमच्या गावात 'लाभांश' आणि 'बोनस' घराघरांत कळतात. विप्रो १९४५ साली इथेच सुरू झाली, तिचे शेअर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. हे फंड दरमहा पैसे देतात, तोही लाभांशच ना?

जळगावहून

नाही आबा, इथे 'वाटप' म्हणा. लाभांशात लाभ आहे. फंडाच्या वाटपात व्याज असतं, विक्रीचा नफा असतो, आणि कधी कधी तुमचंच मुद्दल परत येतं. आपल्या बाजाराची नियामक असलेल्या सेबीलाही हे खटकलं. १ एप्रिल २०२१ पासून म्युच्युअल फंडांच्या 'डिव्हिडंड' पर्यायाचं नाव बदलून त्यात भांडवल काढून घेण्याचा स्पष्ट उल्लेख करायला लावला. ९ टक्के वाटपाचा फंड ६ टक्केवाल्यापेक्षा भारी वाटतो, पण त्यातले ४ टक्के मुद्दलातले असले तर?

फंड कर्ज काढून गुंतवतो त्या 'लिव्हरेज'ला मी 'कर्जाऊ गुंतवणूक' म्हणतो. अमेरिकेच्या १९४० च्या कायद्याप्रमाणे अशा फंडाला कर्ज काढताना एका डॉलरमागे किमान तीन डॉलरची मालमत्ता दाखवावी लागते. चढत्या बाजारात कर्ज नफा वाढवतं, पडत्या बाजारात तोटाही तितक्याच जोमाने.

राहिलं 'शेअर' की 'युनिट'. आपला म्युच्युअल फंड ट्रस्ट असतो, म्हणून युनिट. अमेरिकेतल्या फंडाचे शेअरच म्हणतात.

भुसावळच्या दादांनी भाच्याकडून दोन्ही फंडांचा पाच वर्षांचा बट्टा, वार्षिक खर्च, कर्ज आणि वाटपातलं मुद्दल एवढं मागवावं. आकडे आले की इथेच टाका, आपण शेजारी शेजारी मांडून बघू.