घरी बदललेले इंजिन ऑइल साठले आहे, कोठे द्यावे?

भांडुपकर: नमस्कार. मोटारसायकलचे ऑइल मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलतो. दर खेपेस सुमारे 1 लिटर काळे ऑइल निघते आणि ते मी रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅलरीत ठेवत आलो. कारचे धरून आता 7 लिटर झाले आहे. वॉचमन म्हणतात की गटारात सोडून द्या, तर शेजारच्या बांधकामावरचा सेंटरिंगवाला (काँक्रीट ओतायला फळ्यांचा साचा बांधणारा) काँक्रीट चिकटू नये म्हणून फळ्यांना लावण्यासाठी मागतो आहे. पावसाळ्यापूर्वी याचा निकाल लावायचा आहे. काय करावे?

जुना मेकॅनिक: गटाराचे नावच काढू नका. मुंबईत रस्त्याकडेच्या गटारांतले पावसाचे पाणी कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यांतून खाडीत जाते, त्यामुळे तुमचे ऑइल ठाणे खाडीच्या तिवरांत जाऊन बसेल. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योगांकडेच जायला हवे. तेथे त्यातील पाणी व हलके इंधन काढून, निर्वात ऊर्ध्वपातनाने (कमी दाबाखाली तापवून वाफ पुन्हा थंड करून) पुन्हा बेस ऑइल, म्हणजे नवे ऑइल बनवण्याचे मूळ तेल, मिळवता येते. आपल्यासारख्यांसाठी सोपा मार्ग म्हणजे ओळखीचे मोठे सर्व्हिस सेंटर, जेथे अशा ऑइलचे पिंप भरून ठेवलेले असते. मात्र ते पिंप पुढे कोण नेतो, हे आधी विचारा. उत्तर ‘भंगारवाला’ असे आले, तर दुसरीकडे जा.

सेंटरिंगचा अनुभवी: फुकट देण्याचा मोह मलाही झाला होता. या ऑइलमुळे काँक्रीटवर डाग पडतात, पुढे प्लास्टर नीट धरत नाही, आणि फळ्या हाताळणाऱ्या कामगारांच्या त्वचेला ते दिवसभर लागत राहते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातून आलेली कर्करोगकारक संयुगे असतात, म्हणून ऑइल बदलताना तुम्हीही हातमोजे घालावेत. फळ्यांना लावण्यासाठी खास शटरिंग ऑइल बाजारात मिळते. सेंटरिंगवाल्याला ते सुचवा.

जुना मेकॅनिक: साठवणुकीबद्दल राहिलेच. ऑइलच्या मूळ कॅनमध्येच भरा, झाकण घट्ट लावा, वर ‘वापरलेले ऑइल’ असे लिहा आणि कॅन ट्रेमध्ये, उन्हापावसापासून दूर ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको, घरात लहान मुले असतात. जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या. त्यातूनही बरेच ऑइल निघते. सांडले, तर भुसा किंवा वाळू टाकून भरून घ्या, पाण्याने धुऊ नका.

भांडुपकर: आभारी आहे. एक कबुली द्यायची राहिली: एका कॅनमध्ये मी जुने कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ओतले आहे. ते चालेल का?

जुना मेकॅनिक: नाही. कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मिसळले की पुनर्प्रक्रिया अवघड होते. पेट्रोलमुळे तर पेट घेण्याचा धोकाही वाढतो. तो कॅन वेगळा ठेवा, त्यावर काय मिसळले आहे ते लिहा आणि देताना स्पष्ट सांगा. तो नाकारला, तरी बाकीचे ऑइल स्वीकारले जाईल. सगळे एकत्र केलेत, तर तेही हातचे जाईल.