मागची डावी बाजू बसते-उठते : फुगा गेलाय की हाइट सेन्सर?

वाडीतला (गुहागर)
गाडी सेकंडहँड एसयूव्ही, चारही चाकांना एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे. होमस्टेच्या पाहुण्यांना चिपळूण स्टेशनवरून आणायला घेतली. स्वस्तात का मिळाली ते आता कळतंय.

गेल्या आठवड्यात दाभोळला निघालो होतो. धोपाव्याला फेरीबोटीत चढताना मागून खर्रकन आवाज आला. उतरून बघतो तर मागची डावी बाजू पार टायरवर टेकलेली. इंजिन चालूच ठेवलं, तर खाडीच्या मध्यावर तीच बाजू आपोआप उचलली गेली. इतकी, की डिकीतली शहाळी गडगडत उजवीकडे गेली. पलीकडे उतरेपर्यंत डॅशबोर्डवर पिवळा दिवा, कॉम्प्रेसरची घरघर, मग सगळंच गप्प.

गॅरेजवाल्याने खाली न वाकताच सांगून टाकलं, चारही फुगे आणि कॉम्प्रेसर बदला. आकडा ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात आणखी एक वाडी लावून होईल.

पण मला पटत नाही. रात्रभर अंगणात उभी केली तर सकाळी जशीच्या तशी असते. फुग्याला, पाइपच्या जोडांना साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उजवीकडे ४५५ मिमी भरतं. डावीकडे कधी ४००, कधी ४८०. करू काय?

चिपळूणचा वायरमन
दादा, फुगा गळत असता तर रात्रीत बसली असती. आणि गळका फुगा गाडी वर कशाला उचलेल? उंची मोजणाऱ्या हाइट सेन्सरकडून कंट्रोलरला त्या कोपऱ्याची उंची चुकीची कळतेय. खाली आहे असं वाटलं की हवा भरतो, वर आहे वाटलं की सोडतो. या खेळात कॉम्प्रेसर तापला आणि बंद पडला, म्हणजे त्याने स्वतःला वाचवलं. तो मेलेला नसेल.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा बाजारातला साधा ओबीडी स्कॅनर इथे उपयोगाचा नाही, सस्पेन्शनचं मॉड्यूल उघडणारा हवा. लाइव्ह डेटात डाव्या-उजव्या उंचीचे आकडे शेजारी लावा आणि कोणाला तरी मागच्या बंपरवर बसवा. उजवा आकडा सरळ सरकेल. डावा अडकला किंवा उड्या मारायला लागला तर चोर सापडला.

मग मल्टिमीटर. बऱ्याच गाड्यांत या सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, अर्थ (अर्थिंग) आणि सिग्नल. प्लग लावलेलाच ठेवून मागून बारीक टाचणीने मोजा. बल्बवाला टेस्ट लॅम्प मात्र लावू नका, कंट्रोलर उडू शकतो. ५ व्होल्ट आणि अर्थ नीट असूनही सिग्नल उडत असेल तरच सेन्सरला दोष द्या. तेच येत नसतील तर वायर शोधा. आपल्याकडे खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरव्या होतात. वायरही वरून धडधाकट दिसते, साल काढलं की आत हिरवी भुकटी.

ट्रॅव्हल्सवाले काका
वायरमनचं बरोबर, पण मीटर काढण्याआधी सेन्सरची दांडी बघ. सेन्सर बॉडीला बसवलेला, त्याचा हात छोट्या दांडीने चाकाबरोबर वर-खाली होणाऱ्या आर्मला जोडलेला. आमच्या स्लीपर बसला सेन्सर नसतो, उंचीप्रमाणे हवा भरणारा-सोडणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो, पण दांडीची भानगड तीच. दांडीच्या टोकाचा गोळा गंजून धरला की दांडी वाकते नाहीतर निसटते.

आणि बाळा, हवेच्या भरवशावर चाकाच्या खोबणीत डोकं घालू नकोस. सिस्टीम जॅक मोडला टाक, म्हणजे ती आपोआप हवा भरणार-सोडणार नाही, आणि बॉडीखाली स्टँड लाव. दार उघडलं की जाग्या होऊन हवा सोडणाऱ्या गाड्या मी पाहिल्यात.

वाडीतला (गुहागर)
काका, पाया पडतो. दांडीचा खालचा गोळा गंजून दगड झाला होता. उजवीकडचा दोन बोटांनी फिरतो, हा पक्कडीनेही नाही.

रत्नागिरीहून एक ओळखीचा मुलगा स्कॅनर घेऊन आला. मेहुणा बंपरवर बसला, उजवा आकडा शहाण्यासारखा हलला, डाव्याने तीनदा उडी मारली. मग दांडी सोडून सेन्सरचा हात हळूहळू फिरवला. सिग्नल १.८, २.१, २.४ असा चढत गेला आणि बरोबर मधे, गाडी रोज जिथे उभी असते त्याच जागी, एकदम ०.१. पुढे पुन्हा २.७. पुरवठा मात्र ५ चा ५. सेन्सर उघडला तर आत थेंबभर पाणी आणि तांबडी माती. सेन्सरचा हात ज्यावर फिरतो तो दांडाही खुळखुळत होता.

ट्रॅव्हल्सवाले काका
गोळा धरला म्हणून सगळा जोर सेन्सरच्या दांड्यावर आला, तो ढिला झाला आणि पाणी शिरलं. जुनीच दांडी परत लावलीस तर नवा सेन्सरही तसाच खाईल. दांडी नवीनच घे.

चिपळूणचा वायरमन
बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे कंट्रोलरला खरी उंची शिकवणं, विसरू नका. आधी चारही टायरांत हवा सारखी करा आणि सपाट जागा बघा. कंपनी सांगते तशी उंची मोजून मिमीचे आकडे स्कॅनरमध्ये भरायचे असतात.

वाडीतला (गुहागर)
सपाट जागा आणि गुहागरात? आमच्या अंगणाला पाणी वाहून जावं म्हणून आजोबांनी मुद्दाम उतार दिलाय. शेवटी शेजारच्या गवंड्याकडून लेव्हल पाइप आणला, पाण्याच्या रेषेने चारही चाकांखाली फळ्या घालून जागा सारखी केली. दांडी, सेन्सर दोन्ही नवीन. डावी ४५४, उजवी ४५५, दिवा गेला. फुगे, कॉम्प्रेसर जुनेच.

काल पुन्हा धोपाव्याला गेलो. ओहोटी होती, रॅम्प चांगलाच तिरका. मागून काही आवाज आला नाही. आता उजव्या दांडीलाही ग्रीस मारू का? रबरी टोपी असते तिथे कुठलं चालतं?