सावित्रीवरचा पूल, अटल सेतू की १५४/२? नकाशात पुलाची नोंद कशी करायची

सह्याद्रीरेषा

नमस्कार मंडळी,

ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही भर घालता येणारा खुला नकाशा) पळस्पे ते पत्रादेवी आणि पुढे पणजीपर्यंतच्या, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ वरच्या, मोठ्या पुलांची नोंद एकसारखी करायला घेतली आहे. सोबत मुंबईतले मोठे पूलही आहेत. काही ठिकाणी अडलंय.

पहिलं म्हणजे नाव. 'अटल सेतू' असं शोधलं की मुंबईचाही येतो आणि पणजीचाही. दोन्ही अधिकृत आहेत, मग वेगळे कसे ठेवायचे? दुसरं, नाव देण्याचा अधिकार कोणाचा? ज्याने पैसा घातला त्याचा, ज्याने बांधला त्याचा, की सरकारचा? कारण काही पुलांना स्थानिक लोक एक नाव लावतात, फलकावर दुसरंच असतं आणि कागदावर तिसरंच.

तिसरं, पुलाच्या कठड्यावर रंगवलेला १५४/२ अशा धर्तीचा आकडा नोंदवायचा का? आणि चौथा प्रश्न टोलचा. पूल जास्त असले की त्या टप्प्याचा टोल वाढतो म्हणतात. पुलाची लांबी अचूक नोंदवली तर त्याचा हिशेब कोणाला पडताळता येईल का?

---

मैलाचा_दगड

आधी आकड्याचं सांगतो, कारण नावापेक्षा तोच महत्त्वाचा आहे.

तो इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीने दिलेला पुलाचा क्रमांक. वरचा आकडा किलोमीटर, खालचा त्या किलोमीटरातल्या बांधकामाचा अनुक्रम. १५४/२ म्हणजे १५४ व्या किलोमीटरातलं दुसरं बांधकाम. यात मोऱ्याही (रस्त्याखालून पाणी जाणारी छोटी बांधकामं) मोजल्या जातात, त्यामुळे '/२' पाहून त्या किलोमीटरात दोन पूल आहेत असं समजू नका. ६ मीटरपर्यंत मोरी, ६ ते ६० मीटर लहान पूल आणि ६० मीटरच्या वर मोठा पूल, अशी विभागणी आहे. तुमची यादी 'मोठ्या पुलांची' असेल तर हीच ६० मीटरची रेघ धरा, म्हणजे वाद होणार नाहीत.

हा आकडा का हवा? 'सावित्रीवरचा पूल' एवढंच लिहून पूल सापडत नाही. सावित्रीवर महाड–पोलादपूर पट्ट्यात महामार्गाचा पूल आहे आणि खाली आंबेतला रायगड–रत्नागिरी जोडणारा पूलही आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला, त्या जागी जून २०१७ मध्ये नवा सुरू झाला. शेजारी आधीपासून दुसरा पूल होताच. म्हणजे एकाच नदीवर, एकाच ठिकाणी तीन वेगळी बांधकामं, आणि लोकांच्या तोंडी नाव एकच. १०३३ वर (राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी) फोन करून मदत मागणाऱ्याला किलोमीटर आणि दिशा सांगता आली तर गाडी थेट तिथे पोचते. 'सावित्रीच्या पुलाजवळ' म्हटलं की पुढचे चार प्रश्न होतात.

आता यात काय चुकतं ते बघा.

किलोमीटर पनवेलकडून मोजले जातात. वळणरस्ता झाला, बोगदा झाला, घाटातलं एखादं वळण कापलं की रस्त्याची लांबी कमी होते आणि पुढची सगळी साखळी (किलोमीटरांची मोजणी) सरकते. कठड्यावर मात्र जुना आकडा तसाच राहतो, शेजारी नव्या कामाचा नवा आकडा येतो. दोन्ही दिसले तर चालू साखळीचा आकडा 'ब्रिज रेफ'मध्ये (पुलाच्या क्रमांकाचा रकाना) टाका; नुसता 'रेफ' हा रस्त्याच्या क्रमांकासाठी असतो. कुठला चालू हे ओळखायला जवळच्या किलोमीटरच्या दगडाशी ताडून पाहा. मधे २०० मीटरचे छोटे दगड असतात, त्यांवरूनही कळतं. दगडाचा माथा पिवळा असेल तरच राष्ट्रीय महामार्गाची साखळी. हिरवा म्हणजे राज्य महामार्ग. महामार्गाचा दर्जा मिळालेल्या रस्त्यांवर जुने हिरवे दगड टिकून असतात आणि त्यांचे किलोमीटर दुसऱ्याच गावापासून मोजलेले असतात.

महामार्गाच्या क्रमांकातही हीच गल्लत होते. २०१० मध्ये फेरक्रमांकन झालं, त्यात जुना १७ चा ६६ झाला. उत्तर–दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व–पश्चिम जाणाऱ्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. तीन आकडी असेल तर शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. म्हणून रत्नागिरी–कोल्हापूर १६६ हा ६६ चा फाटा आणि बेळगाव–पणजी (जुना ४अ) ७४८ हा ४८ चा. पत्त्यांत आणि दुकानांच्या पाट्यांवर अजून 'एनएच १७' सापडतो, तो 'रेफ'मध्ये चुकूनही टाकू नका.

आणखी एक. पनवेल–इंदापूर हा ० ते ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता आणि पुढचं काम सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. कागद शोधताना दोन वेगळी दारं ठोठवावी लागतात. हे इंदापूर रायगडातलं, पुणे जिल्ह्यातलं नाही. निविदांच्या शोधात दोन्ही एकत्र येतात.

---

गॅझेटवाचक

नावाच्या अधिकाराबद्दल.

पैसा घालणाऱ्याला नाव देण्याचा हक्क मिळतो ही समजूत सोडून द्या. शिवडी–न्हावा शेवा पुलाला, म्हणजे मुंबईच्या अटल सेतूला, जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज आहे, बांधून घेतला एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि नाव ठरवलं राज्य मंत्रिमंडळाने २८ जून २०२३ च्या बैठकीत. त्याच बैठकीत वर्सोवा–वांद्रे सागरी सेतूला वीर सावरकरांचं नाव द्यायचं ठरलं. वांद्रे–वरळीचा राजीव गांधी सागरी सेतू (३० जून २००९ ला सुरू) रस्ते विकास महामंडळाचा, त्याचंही नाव सरकारचंच. मुंबईचा किनारी रस्ता महानगरपालिकेच्या पैशातून झाला, त्यावर टोल नाही, तरी त्याला छत्रपती संभाजी महाराजांचं नाव राज्य सरकारने जाहीर केलं.

महापालिकेच्या हद्दीतल्या साध्या रस्त्याचं तसं नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३२७ प्रमाणे तिथे पालिकेची मंजुरी लागते, म्हणून त्याचा पुरावा पालिकेच्या ठरावात मिळतो. राष्ट्रीय महामार्ग राजपत्रात क्रमांक आणि मार्गवर्णनानेच अधिसूचित होतो. एखाद्या पट्ट्याला व्यक्तीचं नाव दिलं तरी कायदेशीर ओळख क्रमांकाचीच राहते.

म्हणून 'ऑफिशियल नेम' भरताना कागद बघा: शासन निर्णय, राजपत्र किंवा पालिकेचा ठराव. उद्घाटनाच्या बातमीतलं नाव किंवा एखाद्या संघटनेने लावलेला फलक हा पुरावा नव्हे. मागणी झाली, निवेदन दिलं, सभेत घोषणा झाली, या तिन्ही पायऱ्या निर्णयाच्या आधीच्या आहेत.

अटल सेतूंचं म्हणाल तर दोनच नाहीत. जम्मू-काश्मीरमध्ये बसोलीला रावीवर २०१५ पासून एक आहे. पणजीचा मांडवीवरचा २७ जानेवारी २०१९ चा, ५.१ किलोमीटर. मुंबईचा १२ जानेवारी २०२४ चा, २१.८ किलोमीटर. कुठलाच दुसऱ्यासाठी नाव बदलणार नाही, त्यामुळे नावात '(मुंबई)' '(गोवा)' अशी शेपटं लावू नका. मुंबईच्या पुलाचं पूर्ण अधिकृत नाव 'अटल बिहारी वाजपेयी स्मृती शिवडी न्हावा शेवा अटल सेतू' आहे, त्यातच ठिकाण आलं. ते 'ऑफिशियल नेम'मध्ये, 'अटल सेतू' हे 'ब्रिज नेम'मध्ये आणि 'एमटीएचएल' (मुंबई ट्रान्स हार्बर लिंक) हे 'आल्ट नेम'मध्ये. पणजीच्या पुलाला 'तिसरा मांडवी पूल' हे 'आल्ट नेम' द्या, बोलण्यात ते आहेच.

सगळ्यात जास्त होणारी चूक: पुलाचं नाव सरळ 'नेम'मध्ये घालणं. 'नेम' हे रस्त्याचं नाव. तिथे पुलाचं घातलं की रस्त्याच्या नावात तेवढ्याच तुकड्यापुरती खोट पडते आणि दिशादर्शक अ‍ॅप 'आता अमुक सेतूवर वळा' असं सांगतं, जिथे वळण नसतंच. रेघ दोन्ही टोकांच्या खांबांपाशी तोडा, मधल्या तुकड्याला 'ब्रिज = येस', 'लेयर = १' आणि 'ब्रिज नेम' द्या. जुना आणि नवा पूल शेजारी असतील तर दोन स्वतंत्र रेघा, प्रत्येकीला आपापलं बांधकाम वर्ष.

---

टोलहिशेब

टोलचं गणित लांबीवरच आहे, त्यामुळे तुमची नोंद अचूक असेल तर पडताळा घेता येईल.

२००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत मोटारीचा पायाभूत दर किलोमीटरला ६५ पैसे, २००७-०८ च्या किमतीने. दरवर्षी १ एप्रिलला ३ टक्के ठरलेली वाढ, अधिक घाऊक महागाईच्या वाढीचा ४० टक्के हिस्सा. दोनपदरी असेल तर दराच्या ६० टक्के. शेवटी जवळच्या ५ रुपयांवर आणतात.

पूल, बोगदा, उड्डाणपूल यांची लांबी दहापट धरली जाते. समजा ६० किलोमीटरच्या टप्प्यात १५ किलोमीटर अशी बांधकामं आहेत. उरलेले ४५ अधिक १५ गुणिले १०, म्हणजे १९५ किलोमीटरचा टोल. जुलै २०२५ च्या दुरुस्तीने दुसरा पर्याय आला: संपूर्ण टप्प्याची पाचपट, आणि दोन्हींत जे कमी ते. इथे ६० ची पाचपट ३००, म्हणजे १९५ च कायम. फरक पडलाच नाही. बांधकामं ३० किलोमीटर असती तर जुन्या पद्धतीने ३३०, नव्याने ३००.

समीकरण मांडलं तर उंबरठा लांबीच्या चार-नवमांशाला, साधारण ४४ टक्क्यांना येतो. बांधकामांचा वाटा त्याच्या खाली असेल तर ही सवलत लागू होत नाही. कोकणातल्या नद्या-खाड्यांवरचे पूल कितीही वाटले तरी ६० किलोमीटरमध्ये २७ किलोमीटर पूल भरणं अवघड. सवलत खरी मिळते ती पूर्ण उन्नत रस्त्यांना. 'पुलांचा टोल निम्मा झाला' असा संदेश फिरत होता, तो म्हणूनच सरसकट खरा नाही.

पडताळताना पुलाची लांबी म्हणजे पुलाचीच, भराव घातलेला चढ-उतार नाही. नकाशात रेघ भरावासकट ओढली तर ३०० मीटरच्या पुलाचे सहज ५०० होतात, आणि ते जादा २०० मीटर साध्या रस्त्यातून वजा झाले तरी दहापटीने चूक १.८ किलोमीटरची होते.

मुंबईचा अटल सेतू या नियमांत बसत नाही. तिथला २०२४ मध्ये सुरू झालेला मोटारीचा २५० रुपये टोल राज्य सरकारने ठरवलेला. १५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांना सुरू झालेला, २०० फेऱ्यांचा फास्टॅग वार्षिक पासही त्याच कारणाने तिथे, समृद्धीवर किंवा मुंबई–पुणे द्रुतगतीवर चालत नाही.

---

बंदरपट्टी

जुन्या नावांबद्दल कळकळीने सांगतो: पुसू नका.

मशीद बंदरजवळचा १८६८ चा कर्नाक पूल धोकादायक झाला म्हणून २०२२ मध्ये पाडला. नवा १० जुलै २०२५ ला सिंदूर पूल या नावाने सुरू झाला. कर्नाक हा मुंबईचा गव्हर्नर, त्याचं नाव ठेवावं की नाही यावर मतं असणारच. पण मालवाहतूकदार, हमाल आणि टॅक्सीवाले यांच्या बोलण्यात 'कर्नाक' हा पत्ता आहे. जुन्या पावत्यांवर, गोदामांच्या पत्त्यांवर तो छापलेला आहे. 'ओल्ड नेम'मध्ये ठेवला तर शोधणाऱ्याला जागा सापडते. उलट उदाहरण हँकॉक पुलाचं: जुना २०१६ मध्ये पाडला, नवा बांधला, लोक हँकॉकच म्हणतात.

शहरातल्या रेल्वेवरच्या पुलांवर पैशाची आणि कामाची विभागणीही नोंदवा. रुळांवरचा गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग) रेल्वेच्या हद्दीतला, दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते पालिकेचे, आणि बिनसतं ते नेमकं या सांध्यावर. अंधेरीचा गोखले पूल नव्या रेल्वे उंचीप्रमाणे वर गेला आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिला. शेवटी बर्फीवालाचा भाग जॅक लावून एका बाजूला १३९७ आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलावा लागला. एकच रेघ, एकच नाव लिहिलं तर दोन पुलांचा हा सांधा नकाशात दिसतच नाही.

---

सह्याद्रीरेषा

मनापासून आभार. यादी पुन्हा लावतो: ६० मीटरच्या वरचे पूल, रेघ खांबांपाशी तोडलेली, 'ब्रिज रेफ'मध्ये चालू साखळीचा क्रमांक, कागद असेल तरच 'ऑफिशियल नेम'. भराव धरून ओढलेल्या रेघा आधी दुरुस्त करतो, टोलच्या हिशेबात त्याच सगळ्यात घातक दिसतायत. महाडच्या पुलाला 'सावित्री पूल, महाड' लिहू का?

---

मैलाचा_दगड

'ब्रिज नेम'मध्ये नुसतं 'सावित्री पूल', ठिकाण नकाशालाच ठाऊक असतं. पण तिथे दोन रेघा आहेत हे विसरू नका. २०१७ चं वर्ष फक्त नव्या पुलाच्या रेघेला, शेजारच्या जुन्या जोडपुलाला नाही. आणि पडलेला दगडी पूल पूर्ण काढून टाकू नका, 'रेझ्ड' (आता अस्तित्वात नसलेलं बांधकाम) लावून ठेवा.