ऑफिसात धीर कसा आला? ठाणे-नवी मुंबईकरांनो, आपापला प्रसंग सांगा

मागच्या महिन्यात आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात नवीन लागलेली एक मुलगी आढावा बैठकीनंतर जिन्यात रडत बसलेली दिसली. तिचे आकडे बरोबर होते. साहेबांनी फक्त "हा आकडा कुठून घेतला?" एवढंच विचारलं, आणि उत्तर माहीत असून तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. नोकरीची पहिली दोन वर्षं मीही याच प्रश्नाला घाबरायचे. मग एका वरिष्ठ बाईंनी मला सवय लावली: बैठकीला जाण्याआधी प्रत्येक आकड्याच्या शेजारी पेन्सिलीनं लिहायचं, कुठल्या फाइलमधला, किती तारखेचा. पहिल्यांदा ते नुसतं वाचून दाखवलं तेव्हा आवाज कापत होता, पण उत्तर पूर्ण झालं. आज चौदा वर्षं झाली, पेन्सिल अजून पर्समध्ये असते.

त्या मुलीला हे सांगितलं, पण एकटीचा अनुभव पुरत नाही असं वाटलं, म्हणून तुम्हाला बोलावतेय. उपदेश नको, प्रसंग लिहा. काय झालं, तुम्ही नेमकं काय बोललात, कुणी हात दिला. कंपनीचं आणि माणसांचं नाव मात्र टाळा.

बेलापूर, फ्रेट फॉरवर्डिंग

ताई, माझा प्रसंग एका चुकीचा आहे, तीही माझ्याच.

आम्ही लोकांचा माल जहाजानं पाठवून देतो. न्हावाशेवा बंदराचं काम म्हणजे सगळं कट-ऑफवर, म्हणजे ठरलेल्या शेवटच्या वेळेवर. जुलै २०१६ पासून नियम आहे की भरलेल्या कंटेनरचं पक्कं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. मला लागून चार महिने झाले होते. एकाच पार्टीचे दोन कंटेनर होते, मी दोन्हींची वजनं अदलाबदल करून पाठवली. रात्री नेरूळला घरी जेवताना अचानक आठवलं, की पावतीवर जड कंटेनर दुसरा होता. घास तसाच हातात राहिला. सकाळी बघू, कुणाच्या लक्षात येणार नाही, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण जहाजावर कुठला डबा खाली आणि कुठला वर, हे याच वजनावर ठरतं.

पावणेअकराला सरांना फोन लावला. आधी कागदावर लिहून घेतलं होतं, तेच वाचलं: "सर, माझ्याकडून चूक झालीय. दोन कंटेनरची वजनं उलटी गेलीत. कट-ऑफ सकाळी सहाचा आहे. जहाज कंपनीला दुरुस्तीची मेल तयार आहे, तुम्ही हो म्हणालात की पाठवतो."

दोन सेकंद शांतता. मग, "पाठव. उद्या वजनाच्या पावत्या घेऊन माझ्याकडे ये."

दुसऱ्या दिवशी बोलणी बसतील म्हणून गेलो, तर सरांनी खुर्ची ओढून बसवलं आणि समजावलं. कंटेनर नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा पडताळणीचा, टाइप करताना बोट चुकलं तर बहुतेक वेळा तो पकडतो. पण दोन खरे नंबर एकमेकांच्या जागी बसले तर तो काहीच सांगत नाही. म्हणून त्या दिवसापासून आमच्याकडे एक जण पावती मोठ्यानं वाचतो आणि दुसरा पडद्यावर टिक करतो. तीन वर्षं झाली. नवीन पोराला हे मीच शिकवतो, आणि माझी चूकही सांगतो.

घणसोली, पॅथॉलॉजी लॅब

बेलापूरकर, तुमचा "कागदावर लिहून घेतलं" हा भाग मला फार जवळचा वाटला.

रात्रपाळी होती. एका पेशंटचं पोटॅशियम ६.९ आलं. नॉर्मल साधारण ३.५ ते ५, म्हणजे हा आकडा जिवावरचा. पण सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली तर वरचं सीरम पिवळसर असायला हवं ते गुलाबी-लाल दिसत होतं. तांबड्या पेशी फुटल्या (नमुना हिमोलाइझ झाला) की त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "रिपोर्ट पाठवा, वाद घालू नका." मोठे डॉक्टर, मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून दोन वर्षं झालेली. पूर्वीची मी असते तर "हो सर" म्हणून पाठवला असता.

मी ट्यूब दिव्यासमोर धरून परत एकदा बघितली. मग म्हणाले, "डॉक्टर, नमुना हिमोलाइझ झालाय. हा आकडा पेशंटचाच आहे असं मी सही करून म्हणू शकत नाही. नवीन नमुना पाठवा, आला की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तोच लावते." ते चिडले होते, पण नमुना आला. तोवर त्यांनी ईसीजीही काढून घेतला. दुसऱ्या नमुन्यात ४.४.

माझं बोलणं माझ्या हिमतीवर झालं असं मला वाटत नाही. ती ट्यूब हातात होती म्हणून झालं. डोळ्यांना जे दिसत होतं तेवढंच बोलले.

पाळी संपल्यावर मी वॉर्डमध्ये गेले. सिरिंजमधलं रक्त सुईतूनच जोर लावून ट्यूबमध्ये ढकललं जात होतं, पेशी त्यानंच फुटत होत्या. सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं, पेशंटसमोर नाही. त्या माझ्याहून वयानं मोठ्या, म्हणून "ताई, एक विचारू का?" असंच सुरू केलं. त्यांनी ऐकलं.

कोपरखैरणे

वरचे अनुभव मनापासून आवडले, पण तुम्हा सगळ्यांचे साहेब चांगले होते, हे सांगायलाच हवं. माझे नव्हते.

तोंडी एक सांगायचे, काम झाल्यावर "मी असं कधी म्हणालो?" आणि सगळ्या मजल्यासमोर ओरडायचे. सहा महिन्यांत माझी झोप गेली. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा यायचा. घरी बाबा म्हणायचे, सहन कर, सगळीकडे असंच असतं. नाही, सगळीकडे असं नसतं. हे मला दुसऱ्या नोकरीत कळलं.

एका मित्राच्या सांगण्यावरून तोंडी सूचना मिळाली की दहा मिनिटांत मेल टाकायला लागलो: "आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे मी अमुक काम अमुक तारखेपर्यंत करतोय. काही बदल असल्यास कळवावं." ओरडणं बंद झालं नाही, पण "मी कधी म्हणालो" बंद झालं. सात महिन्यांनी राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला, रिलीव्हिंग लेटर हातात घेऊनच बाहेर पडलो. तरुण मुलांना कळकळीनं सांगतो, चिडून एका दिवसात निघून येऊ नका, तो कागद पुढे फार ठिकाणी मागतात.

धागा सुरू करणारी

कोपरखैरणेकर, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मुलींसाठी एक भर घालते. त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर तो सहन करायचा विषयच नाही. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. दहाहून कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

महापे, आयटी सपोर्ट

मी साताऱ्याकडचा, बारावीपर्यंत मराठी माध्यम. क्लायंट कॉलवर म्यूट काढायची भीती वाटायची. व्याकरणाची पुस्तकं आणली, उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका वहीचा. उद्याच्या कॉलची पहिली तीन वाक्यं त्यात देवनागरीत लिहायचो, "लेट मी टेल यू व्हेअर वी आर" अशी, आणि ठाण्याला दहा नंबर फलाटावर पनवेल गाडीची वाट बघताना पुटपुटायचो. पहिली तीन वाक्यं अडखळली नाहीत की चौथं आपोआप येतं. समोरच्याचं कळलं नाही तर आता सरळ विचारतो, मला असं समजलं, बरोबर आहे का? आजवर एकही क्लायंट यावर रागावलेला नाही.

ऐरोली

सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून परतले तर माझं काम दुसरीकडे गेलेलं. आठवडाभर गप्प बसले, ते चुकलंच. मग मॅनेजरकडे वेळ मागून घेतली आणि विचारलं, "पुढच्या तीन महिन्यांत माझ्याकडे काय असेल?" त्यांनी विचारच केला नव्हता. विचारल्यावर केला.

रबाळे एमआयडीसी, शॉप फ्लोअर

डिप्लोमा करून सुपरवायझर लागलो तेव्हा मी बावीसचा, लेथवरचे काका पंचावन्नचे. एक बोअर (नगातलं गोल भोक) मशीनवर मापात यायचा, तपासणीत कमी भरायचा. तीन नग रिजेक्ट झाले. मी काकांना सर्वांसमोर टोकलं, ते हात पुसून बाजूला झाले. "तुम्हीच घ्या साहेब."

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसलो. "काका, चुकलो मी. मला हे येत नाही, दाखवा." त्यांनी डबा अर्धवट ठेवला, माझा हात धरून नुकत्याच काढलेल्या जॉबवर, म्हणजे नगावर, टेकवला. चटका बसेल इतका गरम. पोलादाचा १०० मिमीचा बोअर २० अंशांनी जास्त गरम असला तर सुमारे ०.०२३ मिमी मोठा भरतो. आमची सगळी टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, तेवढी. जॉब थंड करून मोजायला वेळ मिळावा एवढंच ते महिनाभर मागत होते, वर कुणी ऐकत नव्हतं. दुपारी मी त्यांना सोबत घेऊन प्रॉडक्शन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. गणित मी मांडलं, जॉब काकांनी टेबलावर ठेवला. नगामागे वाढीव वेळ मंजूर झाला.

कळंबोली

सगळे अनुभव वाचले. मी येत्या सोमवारी एका वेअरहाउसच्या ऑफिसात जॉइन होतेय, पहिलीच नोकरी. एक लहानशी शंका आहे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. वरिष्ठांना सर-मॅडम म्हणायचं की नावानं हाक मारायची?

धागा सुरू करणारी

सोमवारी सर-मॅडमच म्हण. नावानं बोलवा असं त्यांना वाटलं तर ते स्वतः सांगतील. आणि पाण्याचं मशीन, डबा खायची जागा, वॉशरूम हे तिन्ही पहिल्या तासातच विचारून घे. संध्याकाळी घरी गेल्यावर दिवस कसा गेला ते इथे लिही, मी वाट बघतेय.