आई-बाबांना घेऊन अलास्काची क्रूझ

विषय: आई-बाबांना अलास्काच्या क्रूझवर न्यायचंय, सल्ला हवा
प्रेषक: सभासद, पोर्टलंड

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा येत्या मे महिन्यात पुण्याहून आमच्याकडे येताहेत. जूनमध्ये त्यांना सिअॅटलहून सात रात्रींच्या अलास्का क्रूझवर न्यावं असं मनात आहे. तिकीट अजून काढलेलं नाही. आई ७१ वर्षांची, बाबा ७६. बाबांचा उजवा गुडघा बदललाय. चालतात, पण अर्ध्या तासाने बसावं लागतं. आईला कात्रजच्या घाटातसुद्धा गाडी लागते, त्यामुळे बोटीचं नाव काढलं की ती विषय बदलते. दोघंही शाकाहारी आहेत आणि आई संकष्टी धरते.

ज्यांनी वडीलधाऱ्यांना नेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. दोघांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःहून कुठे जायची इच्छा दाखवली आहे (खरं तर बाबांनी), ती नीट पार पडावी असं फार वाटतंय.

उत्तर: आई-बाबांना अलास्काच्या क्रूझवर न्यायचंय
प्रेषक: कोथरूडच्या काकू

अगं, तिकीट काढलं नाहीस ते फार बरं केलंस. मी आणि आमच्या ह्यांनी आजवर सतरा क्रूझ केल्या. त्यातल्या पाच सासू-सासऱ्यांना, नंतर माझ्या आईला घेऊन. पुण्यात परतून नऊ वर्षं झाली तरी वर्षाआड एक होतेच. त्या अनुभवावर सांगते: आधी सिअॅटल बाजूला ठेव आणि व्हँकूव्हरहून सुटणारी बोट बघ.

कारण असं. सिअॅटलच्या बऱ्याच बोटी व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकूव्हरहून निघालेल्या बोटी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यातून जातात. त्याला इनसाइड पॅसेज म्हणतात. तिथे दोन्हीकडे डोंगर असल्याने लाटा अडतात. मध्ये काही तास उघडा समुद्र लागतो तेवढाच. आम्ही दोन्हीकडून गेलोय. सिअॅटलहून गेलो तेव्हा दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला आमच्या आठ जणांच्या टेबलावर तिघंच आलो, ह्यांनी तर दिवसभर उशीवरून डोकं उचललं नाही. व्हँकूव्हरहून गेलो तेव्हा सासूबाई खिडकीशी बसून स्वेटर विणत होत्या. घाटात गाडी लागणाऱ्या माणसासाठी हा फरक बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोठा आहे.

कॅनडाच्या व्हिसाची खटपट वाचेल म्हणून लोक सिअॅटल धरतात, पण ती वाचत नाही. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यामुळे परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, बोटीला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये एकाही परदेशी बंदराला न लागता, त्यांना फिरवून आणता येत नाही. आणि मोठ्या क्रूझ बोटी जवळपास सगळ्या परदेशी झेंड्याच्याच. म्हणून सिअॅटलची बोट व्हिक्टोरियाला थांबते, बरेचदा शेवटच्या संध्याकाळी काही तासच. व्हिक्टोरिया कॅनडात आहे. तेव्हा भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा दोन्हीकडून लागणारच, आणि तो धक्क्यावर चढतानाच बघतात. आमच्या ओळखीचं एक जोडपं पुण्याहून थेट सिअॅटलला गेलं होतं. एजंटने सांगितलं होतं, अमेरिकेचा व्हिसा आहे ना, मग झालं. त्यांना सामानासकट धक्क्यावरून परत यावं लागलं. पैसे गेलेच, पण त्या वहिनी वर्षभर त्याबद्दल बोलूसुद्धा शकत नव्हत्या. आई-बाबा पुण्यातून निघायच्या आधीच हा व्हिसा हातात असू दे. बोटांचे ठसे द्यावे लागतात, वेळ लागतो.

केबिन बोटीच्या मधोमध आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घे. सी-सॉवर मधे बसलेल्याला जसे झोके कमी बसतात तसंच ते आहे. नकाशावर वरचा आणि खालचा मजला दोन्ही बघ. वर स्वयंपाकघर किंवा नाचाची जागा आली तर रात्रभर खुर्च्या ओढल्याचा आवाज. बाबांसाठी लिफ्ट जवळ हवी. मोठी बोट तीनशे मीटर लांब असते. नाश्ता एका टोकाला, जेवण दुसऱ्या टोकाला, दिवसात दीड-दोन किलोमीटर बोटीवरच सहज चालणं होतं. चढताना-उतरताना चाकाची खुर्ची मिळते, पण आठवडाभर हवी असेल तर ती आपल्याला आधी भाड्याने सांगावी लागते.

इतर ठिकाणी मी बाल्कनीवर पैसे घालत नाही, दिवसभर बाहेरच असतो आपण. अलास्कात मात्र घालते. मार्गात ग्लेशियर बे आहे ना, ते नक्की बघून घे. त्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटी सोडतात. सकाळी तिथले रेंजर छोट्या होडीतून येऊन आपल्या बोटीवर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबते, मग कप्तान ती जागच्या जागी फिरवतो, त्यामुळे डावी बाजू का उजवी ही काळजी नको. बर्फाचा कडा पाण्यात कोसळतो तेव्हा तो दिसतो आधी, आवाज नंतर येतो. तिथले मूळचे त्लिंगित लोक त्याला पांढरा गडगडाट म्हणतात. माझे सासरे तेव्हा ८१ वर्षांचे. कानटोपी, शाल, गुडघ्यावर पांघरूण अशा थाटात बाल्कनीत तीन तास बसले होते. डेकवर गर्दीत त्यांना दहा मिनिटंही उभं राहता आलं नसतं.

बंदरं निवडताना त्यांच्या प्रसिद्धीपेक्षा हे बघ की बोट धक्क्याला लागते की छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. होडीत उतरताना दोन्ही हलत असतात, बदललेल्या गुडघ्याला ते पाऊल अवघड. केचिकन आणि स्कॅग्वेला बोट सहसा धक्क्याला लागते. स्कॅग्वेला व्हाइट पासची छोटी आगगाडी आहे, सोन्याच्या शोधात लोक धावले त्या काळात, १८९८ ते १९००मध्ये बांधलेली. माथेरानच्या गाडीची आठवण येते. बाबांना बसल्या जागेवरून अख्खा डोंगर बघायला मिळेल. जाताना डावीकडे बसा. केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा छत्रीपेक्षा टोपीचे रेनकोट घ्या.

बोट सुटायच्या आदल्या दिवशी त्या गावात मुक्काम हवा. मुंबईचं विमान धरताना आपण घाटातल्या जॅमसाठी तीन-चार तास हाताशी ठेवतोच ना, इथे पूर्ण दिवस ठेवायचा. धक्क्यावर मोठ्या बॅगा काढून घेतात, त्या संध्याकाळपर्यंत केबिनशी येतात. औषधं, चष्मे, कवळी, शाल हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. शेवटच्या रात्री बॅगा पुन्हा दाराबाहेर ठेवाव्या लागतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा.

विजेची किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड काहीच नेऊ नका. माझी किटली पहिल्याच दिवशी जमा केली होती. त्याऐवजी लोहचुंबकाचे हुक न्या. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, टॉवेल, पिशव्या, कानटोप्या सगळं टांगता येतं. बोहरी आळीत स्वस्तात मिळतात.

जेवणाचं म्हणशील तर पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटून सांगायचं: शाकाहारी, अंडं नाही. दुसऱ्या दिवशीचं आदल्या रात्री ठरवून घ्यायचं. कितीतरी बोटींवर गोव्याची, कोकणातली मुलं काम करतात. एकदा आमच्या टेबलावरचा मुलगा वेंगुर्ल्याचा निघाला. सासूबाईंनी त्याला घरचं विचारलं, तर त्याचे डोळे भरून आले. आठ महिने घरापासून लांब असतात गं ती मुलं. दुसऱ्या रात्रीपासून आम्हाला वरण-भात मिळायला लागला. टिप दर माणशी दर दिवसाला खात्यावर आपोआप लागते, साधारण सोळा ते वीस डॉलर. ती काढून टाकायला लावणारे लोक मी पाहिलेत. तसं कृपा करून करू नका.

बाकरवडीची बंद पाकिटं चालतात. घरचे लाडू, लोणचं बोटीवर अडवू शकतात, आणि बंदरावर उतरताना पिशवीत फळसुद्धा नको.

फोन बोटीवर चढल्याबरोबर विमान मोडवर. समुद्रात बोटीचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते फार महाग पडतं. आणि घड्याळ हाताचं वापरा, बोटीच्या वेळेला लावलेलं. अलास्काची वेळ सिअॅटलच्या एक तास मागे आहे.

उत्तर: आई-बाबांना अलास्काच्या क्रूझवर न्यायचंय
प्रेषक: सभासद (निवृत्त डॉक्टर), सदाशिव पेठ

काकूंनी बहुतेक सगळं लिहिलंय. औषधांपुरतं मी सांगतो.

आपल्याकडची अॅव्होमिन चांगली आहे, पण मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी. बोट सुटायच्या तासभर आधी घ्यावी. झोप येते. बाबांना प्रोस्टेटचा त्रास किंवा दोघांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. अमेरिकेत कानामागे लावायची पट्टी देतात, तिने वयस्कर माणसांचा कधीकधी गोंधळ उडतो, ते कुठे आहेत हे त्यांना कळेनासं होतं. म्हणून जे औषध ठरेल ते निघण्यापूर्वी पुण्यातच एकदा संध्याकाळी घेऊन बघावं. आलेपाक जवळ ठेवा, बाहेर बसून क्षितिजाकडे बघा, रिकाम्या पोटी राहू नका.

औषधं मूळ पट्ट्यांमध्ये आणि पंधरा दिवसांची जास्त. चिठ्ठीवर ब्रँडची नव्हे, मूळ औषधांची नावं लिहून घ्या. तिकडे पॅरासिटामॉलसुद्धा अॅसिटामिनोफेन नावाने मिळतं. इन्सुलिन असेल तर केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका, तो पुरेसा थंड नसतो. बोटीच्या दवाखान्यात विचारा.

जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस बोटीवर झपाट्याने पसरतो. दाराशी ठेवलेलं सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही. जेवणाआधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे.

विम्यात आधीपासूनचे आजार, कॅनडा आणि समुद्रप्रवास, शिवाय बोटीवरून रुग्णाला हलवण्याचा खर्च, हे सगळं लिहिलेलं आहे ना ते स्वतः वाचा. बोटीवरच्या दवाखान्याचं बिल आधी आपल्याला भरावं लागतं, दावा नंतर.

उत्तर: आई-बाबांना अलास्काच्या क्रूझवर न्यायचंय
प्रेषक: सभासद, पोर्टलंड (लिहिणार आई)

नमस्कार. मी तिची आई, सहकारनगरहून. मुलीने तुमचं सगळं वाचायला पाठवलं. आम्ही दोघांनी दोनदा वाचलं. लेकीच्याच खात्यावरून लिहिते आहे.

गाडी लागण्याचं मी सहन करेन. माझं आजोळ अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, त्यात आमच्या आजीच्या शेजारचे दोघं गेले. सहाशेच्या वर माणसं होती. आजी आम्हाला होडीतही बसू देत नसे. ते डोक्यातून जात नाही. ह्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही, कारण ते फार हौसेने नकाशे बघताहेत.

दुसरं, रोज सकाळी देवापुढे निरांजन लावल्याशिवाय मी चहा घेत नाही. केबिनमध्ये लावलं तर चालेल का?

उत्तर: आई-बाबांना अलास्काच्या क्रूझवर न्यायचंय
प्रेषक: कोथरूडच्या काकू

ताई, बरं झालं लिहिलंत. माझ्या आईचंही माहेर रेवदंड्याचं. तिने पहिल्या क्रूझला हेच विचारलं होतं.

टायटॅनिक १९१२ साली बुडाली तेव्हा तिच्यावर सगळ्यांना पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या नव्हत्या. त्यानंतर १९१४मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज बोटीवरच्या प्रत्येक माणसाला पुरून उरतील इतक्या जागा होड्यांमध्ये आणि तराफ्यांमध्ये ठेवाव्याच लागतात. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, ३२ माणसं गेली, आणि नव्याने चढलेल्या काही प्रवाशांची धोक्याच्या वेळी जमायच्या जागी जाण्याची कवायत तोवर झालीच नव्हती. आता बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर प्रत्येकाला ती करावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा. तुमच्या कार्डावर जमायच्या जागेचं अक्षर असतं.

आईला घेऊन मी पहिल्याच दुपारी त्या जागेपर्यंत दोनदा चालत गेले, एकदा लिफ्टने आणि एकदा जिन्याने, कारण इशारा झाला की लिफ्ट वापरायची नसते. आपली होडी कुठली, तिच्यावरचा आकडा कुठला, ते तिने हात लावून बघितलं. तिथल्या अधिकाऱ्याला तिने मराठीतच विचारलं, यात किती माणसं बसतात? मी भाषांतर केलं, त्याने नीट उत्तर दिलं. त्या रात्री ती झोपली. तुम्हीही तसंच करा, आणि यजमानांना जरूर सांगा. त्यांना बरोबर घेऊनच ती जागा बघा.

निरांजन मात्र लावता येणार नाही. बोटीवर मेणबत्ती, उदबत्ती, काडेपेटी काहीच चालत नाही, आगीची भीती असते. आई बॅटरीवरचा छोटा दिवा नेत असे. तो अजून माझ्याकडे आहे, चालू आहे. मंगळवारी चारच्या सुमारास घरी या, हुकही देते. यजमानांना जिना चढायला नको, आमच्याकडे लिफ्ट आहे.