निर्वासित, शरणार्थी की आणखी काही?

चिंचवडकर:
पिंपरी कॅम्पातल्या सिंधी शेजाऱ्यांबद्दल लिहितोय. ‘फाळणीनंतर आलेले निर्वासित’ असं लिहिलं, तर दुकानातल्या काकांचा चेहरा उतरला. ‘शरणार्थी’ही नको म्हणाले. मग काय लिहू?

सदाशिवपेठकर:
काकांचं बरोबर आहे. ‘निर्वासित’ म्हणजे ज्याला राहत्या जागेतून घालवून दिलं तो. त्यात त्याचं स्वतःचं काहीच नाही, दुसऱ्याने केलेला अन्याय तेवढा दिसतो. हिंदीत हा शब्द हद्दपार केलेल्याला लावतात, फाळणीत आलेल्यांना तिकडे ‘शरणार्थी’ म्हणतात. संस्कृतात ‘शरण’ म्हणजे आसरा, अगदी घरसुद्धा. पण मराठी कानाला ‘शरण आला’ म्हटलं की हार मानलेला माणूस दिसतो. १९४७ नंतर सिंधी-पंजाबी लोकांपैकी अनेकांनी याच कारणाने ‘पुरुषार्थी’ हा शब्द जवळ केला. आणि काकांचा नातू तर इथलाच, त्याला कशाला निर्वासित म्हणायचं?

(‘कॅम्प’ही बघा. पुण्यात कॅम्प म्हणजे लष्कर, पिंपरीत मात्र फाळणीनंतरची छावणी. छावणी जाऊन बाजार उभा राहिला, नाव तेच राहिलं.)

चिंचवडकर:
पटलं. आता पुढचा शब्द. ‘ते मराठी समाजात मिसळून गेले’ हे चालेल?

सदाशिवपेठकर:
मला खटकतं. मिसळून गेलेलं वेगळं काढता येत नाही. ‘रुळले’ लिहा. नवी सून सासरी रुळते, म्हणून माहेरची बोली विसरत नाही.

चिंचवडकर:
विसरायची वेळ मात्र आली आहे. काकांनी वडिलांची जुनी वही दाखवली, उजवीकडून डावीकडे लिहिलेली, सगळी अरबी वळणाची सिंधी. नातू झकास मराठी बोलतो, आजीशी सिंधीतही बोलतो, पण वहीतली एकही ओळ त्याला लागेना. सिंधी १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण भारतात तिला स्वतःचं राज्य नाही. ती घरातच जपायची.

सदाशिवपेठकर:
देवनागरीतही सिंधी लिहितात. काकांनी वाचायचं नि नातवाने देवनागरीत उतरवून घ्यायचं, जमेल का? लिहिताना अडेल तिथे मी बसतो सोबत.

चिंचवडकर:
विचारतो. वाक्य असं केलंय: ‘फाळणीत सिंध सोडावं लागलेली ही कुटुंबं पिंपरीत रुळली.’

सदाशिवपेठकर:
‘सोडावं लागलेली’ राहू द्या. तेवढं दुःख शब्दात असायलाच हवं.